तोंडाच्या उंचीचा ओंडका

प्रभाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीचा फराळ संपता संपता ते आलं आणि मार्गशीर्ष उजाडला तरी माझ्या टेबलावर तसंच पडून होतं. पडून होतं असं म्हणणंही बरोबर नाही. मी ते रोज उघडून वाचत होतो आणि रोज घडी घालून ठेवत होतो.

प्रभाबाई इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि मी वाचनालयात ग्रंथपाल होतो. दर शनिवारी त्या पुस्तक बदलायला यायच्या आणि काउंटरपाशी दहा मिनिटं बोलायच्या. पुस्तक वाचून परत करणारे वाचक मी थोडेच पाहिले, त्यात त्या एक. यजमान गेल्यावर त्या पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या. पत्रात त्यांनी लिहिलं होतं :

'तुमच्या माडीवरची खोली रिकामी आहे का? असेल तर मला भाड्याने द्याल का? इथे तक्रारीला जागा नाही, सून गुणी आहे. पण गॅलरीतून खाली पाहिलं की माणसं दिसतात, ओळखीचं कुणी दिसत नाही. मला सोलापूरला परत यायचं आहे. संक्रांतीला मुलगा मोठा फ्लॅट नक्की करणार आहे, त्यात माझी खोली धरून. त्याला त्याआधी सांगायला हवं. तुम्ही नाही म्हणालात तरी राग नाही, पण कळवा. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही नुसतं हं हं म्हणता आणि मला काही कळत नाही.'

खोली रिकामी होती का? माणूस नव्हतं, पण पुस्तकं होती, पार खिडकीपर्यंत. शिवाय जिना उभा. प्रभाबाईंचे गुडघे मला माहीत होते. जिन्याचं लिहावं तर त्यांना वाटणार, मी निमित्त काढतोय. न लिहावं आणि त्या पडल्या तर? बोळात लोक काय म्हणतील तेही होतंच, बहात्तराव्या वर्षी. पण खरी भीती वेगळी होती. मी त्यांच्याशी जे काही बरं बोललो असेन ते सगळं दहा मिनिटांच्या मापाचं होतं. त्या रोज वर राहायला आल्या, तर मंगळवारपर्यंत माझं बोलणं संपणार.

म्हणून मी मसुदे करत होतो. त्यातला सर्वात मोठा सात पानांचा होता. त्यात सोलापूरच्या हवामानाची माहिती चांगली उतरली होती.

अशातच मठाच्या चिंचेचं प्रकरण निघालं.

आमच्या बोळाच्या टोकाला मठ आहे. त्याच्या आवारातली जुनी चिंच या पावसाळ्यात वाऱ्याने आडवी झाली. मार्गशीर्षात मठात हुग्गीचा महाप्रसाद असतो. गहू-गुळाची ती खीर मोठ्या हंड्यांतून दिवसभर शिजते आणि तिला मंद, टिकाऊ जाळ लागतो. चिंचेच्या लाकडाइतका टिकाऊ जाळ दुसरा नाही. व्यवस्था बघणाऱ्या शिवशरणने माईकवरून जाहीर करून टाकलं, "यंदा मठाच्या चिंचेवर मठाची हुग्गी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिंचेच्या पोटात काय आहे याची आठवण तेव्हा कुणालाच झाली नाही.

आमच्या बोळात पूर्वी दात दुखला की त्या चिंचेत खिळा ठोकत. चिंच खाऊनच दात आंबतात, तेव्हा दुखणं तिचं तिला परत, असा हिशेब होता. खिळा आपल्या तोंडाच्या उंचीवर ठोकायचा आणि मागे न बघता घरी यायचं. कोपऱ्यावर दाताचा दवाखाना निघाला तेव्हा हे मागे पडलं, तरी दवाखान्यातून येताना खात्रीसाठी एक ठोकून जाणारेही होते. मीसुद्धा लहानपणी खिळा घेऊन गेलो होतो. पण दुखणारा दात वरचा की खालचा, याची खात्री होईना. खात्री होईपर्यंत तो पडला. दुधाचा होता.

कुंभारी गावचा गुरुशांत आपलं कापायचं मशीन मोटारसायकलला बांधून आला. शेंड्याकडचं लाकूड त्याने भराभर कापलं. बुंध्याकडचंही कापलं. मग मधल्या भागाला मशीन लावलं आणि आतून ठिणग्या उडाल्या. मशीन किंचाळलं, चेन तुटून बाजूला पडली.

"आरं तिच्या," तुटकी चेन शेपटीने धरलेल्या सापासारखी लोंबकळत ठेवून तो म्हणाला, "ह्या झाडाच्या पोटात हार्डवेअरचं दुकान हाय का काय?"

मी तिथे नुसता बघायला उभा होतो. तरी मला राहवलं नाही. म्हणालो, "झाड जाडीला वाढतं, तसे खिळे आत जातात. पण खोडावरची उंची बदलत नाही. म्हणजे सगळे याच एका तुकड्यात असणार. तोंडाच्या उंचीच्या."

"आदी सांगायचं की, मास्तर!"

सांगावं की नाही याचाच मी सकाळपासून विचार करत होतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

गुरुशांतने छिन्नीने लाकूड खरवडलं. खिळ्याभोवतीचं लाकूड शाई सांडल्यासारखं काळं पडलं होतं. पक्कड लावून, पाय ओंडक्यावर टेकवून त्याने एक खिळा उपटला. मठातच कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला तो गालात लिंबू धरल्यासारखा.

मठाच्या पायरीवर काशम्मा बसलेली असते. बोळात तिच्याहून वयाने मोठं कुणी नाही. ती निम्मं कानडीत आणि निम्मं मराठीत बोलते आणि मला अजून कमलू म्हणते. तिने गुरुशांतच्या गालाकडे पाहिलं.

"कुणाचा मोळा काडलास रं?" मोळा म्हणजे तिच्या भाषेत खिळा.

"मला काय ठावं? त्याच्यावर नाव न्हवतं."

"इचारलास का?"

"कुणाला इचारू? झाडाला?"

"ज्यानं मारला त्याला! त्यो 'काडा' म्हणला तर दुखणं झाडातच मरतंय. न इचारता काडलास तर मोकळं सुटलं की ते. सुटलं, बसलं तुज्या दाडंत. अय्यो, आयतं घेतलास की!"

मी हळूच म्हणालो, "गुरुशांत, काल तू कडक भाकरी खाल्लीस ना?"

"जल्मल्यापासनं खातोय की, मास्तर. कालच कशी लागली?"

गुरुशांतने पक्कड पिशवीत टाकली आणि मशीनवर पोतं झाकलं. "ज्याचं त्याला इचारून या. तवर मी हात लावत न्हाय."

शिवशरण धावत आला. हुग्गी रविवारी होती आणि कापून झालेलं लाकूड निम्म्या हंड्यांनाही पुरणार नव्हतं. वखारीतून दुसरं लाकूड आणावं, असं कुणीतरी सुचवलं. "आन् माईकवर काय सांगू?" तो म्हणाला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. माझ्यावर नजर थांबली की मी मान डोलावतो. ही माझी जुनी सवय आहे.

"कमलाकरसर जातील. शिकलेले हायत. त्यांना कोण न्हाय म्हणणार?"

मला कुणी नाही म्हटलं नव्हतं हे खरं, कारण मी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

"गेलेल्यांचं काय करायचं?" मी काशम्माला विचारलं.

"गेलेल्यांना दात कुटला? त्येंचं सोड. जित्त्यांचं बग."

घरी येऊन मी प्रश्न नीट लिहून काढला आणि पाठ केला. पहिल्या घरी जाऊन म्हणालो, "चिंचेत आपला खिळा असल्यास तो काढण्यास आपली काही हरकत आहे का?"

पाटावर बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "ह्यात हो म्हणलं की काढायचा का ठेवायचा?"

मी परत काशम्माकडे आलो. ती हसून हसून खोकली. "'काडू का?' येवढंच इचार की रं! कोर्टात चाललास का?"

'काढू का?' हा प्रश्न आश्चर्यकारक निघाला. त्याला लोक पटापट उत्तरं देत. एकजण म्हणाला, काढा, पण खिळा मला परत द्या, तेव्हाचं लोखंड चांगलं होतं. एका बाईंनी आ करून आतला नवा बसवलेला दात मला बोट लावून दाखवला आणि म्हणाल्या, आता खुशाल काढा. एकाने दोन खिळे असल्याचं सांगितलं आणि दुसरा सासऱ्यांसाठी मारला होता, तो काढू नका, त्यांना तसंच राहू दे, असं म्हणून स्वतःच इतका हसला की मग दोन्ही काढा म्हणाला. काशम्माने तर मलाच पक्कड धरायला लावली. "माजा तू काड. गुरुशांतचा गाल बगवत न्हाय." मी पक्कड लावली, ओढलं, आणि खिळ्यासकट मागे भुशात बसलो. माझ्या दोन्ही बाजूंच्या दाढा शिवशिवल्या. पण सूज आली नाही. रात्री आरशात बघितलं होतं.

परत आलं की मी प्रभाबाईंचं पत्र काढून बसायचो. दिवसभर लोकांना विचारत फिरलेला माणूस एका खोलीबद्दल हो की नाही लिहू शकत नव्हता. गच्चीवर पतंग उडवणाऱ्यांचा आरडाओरडा सुरू झाला की मला संक्रांत आठवायची आणि मी हवामानाच्या परिच्छेदात थोडी सुधारणा करायचो.

शेवटी एकच खिळा उरला, आबासाहेबांचा. तो नेमका ओंडक्याच्या मधोमध होता. आबासाहेब एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. मठासमोर घर. मी गेलो तेव्हा ते बनियनवर पेपर वाचत होते आणि त्यांची कवळी शेजारी पेल्यात होती. त्यांनी ती आधी बसवली. कवळी लावल्याशिवाय ते महत्त्वाचं बोलत नाहीत.

"या कमलाकरपंत. बसा. काय काम काढलंत?"

"चिंचेतला तुमचा खिळा. काढू का?"

"हं." त्यांनी पेपरची घडी केली. "बघू."

"म्हणजे हो?"

"बघू म्हणजे बघू. एकदम कसं सांगणार? सगळ्या बाजूंनी विचार केला पायजे."

"पण आबासाहेब, तुम्हाला तर... म्हणजे... आता एकही दात नाही."

"दात न्हाईत. हिरडी हाय की!"

मला चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी परत गेलो, परत चहा मिळाला, सोबत बिस्किटं. "इचार चाललाय," आबासाहेब म्हणाले. त्यांची तब्येत मला पहिल्यापेक्षा चांगली वाटली. शिवशरण जाऊन आला, गुरुशांत गाल धरून जाऊन आला. सगळ्यांना चहा. कापायला मठाच्या दाराबाहेर ओढून आणलेला ओंडका बोळात तसाच आडवा. भाजीचा गाडा बोळात शिरेना, पाण्याचा टँकर मागे मागे जात चौकापर्यंत गेला. शुक्रवारी मठात गहू भिजत पडले, तरी ओंडका होता तिथेच.

शनिवारी सकाळी मी पुन्हा आबासाहेबांसमोर बसलो. दारात गुरुशांत आणि शिवशरण उभे होते. काशम्मा काठी टेकत आली होती.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"आता हे बघा, पंत," आबासाहेब मागे रेलून म्हणाले. "काडा म्हणलं, आन् उद्या हिरडी ठणकायला लागली, तर मी कुणाला धरू? न्हाय म्हणलं, तर हुग्गी माज्यामुळं अडली म्हणून सगळा गाव मला नावं ठेवणार. न सांगितलं, तर दोन्ही न्हाय. न सांगण्यात कुणाचं काय जातंय?"

हे वाक्य मला इतकं ओळखीचं होतं की मी दचकलो. आणि मग मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. ओरडलो.

"काय जातंय? माणसं थांबलीत, आबासाहेब! हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा! नाही म्हटलंत तरी कुणी खाणार नाही तुम्हाला! पण समोरच्यानं किती दिवस दाराकडे बघत बसायचं? पुढचं काय करायचं ते त्यानं ठरवायचं कसं? विचार करतोय म्हणे! तुम्ही विचार करत नाही, तुम्ही नुसते पत्राची घडी घालताय!"

आबासाहेबांच्या हातात पेपर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"पत्र? कुठलं पत्र?"

मी बोललेलं मला आता ऐकू आलं. चष्मा काढून पुसायला लागलो.

"कमलू," काशम्मा हलकेच म्हणाली, "तुला बी आवाज हाय की रं."

आबासाहेब सरळ बसले. त्यांच्यावर कुणी ओरडण्याची ही बहुधा कार्यालय सोडल्यापासूनची पहिलीच वेळ होती. त्यांनी घसा साफ केला.

"मग सांगतो. न्हाय. काडू नका. राहू दे माजा खिळा."

शिवशरणने डोक्याला हात लावला. मीही डोळे मिटले. आता ओरडून घेतलेलं उत्तर हेच म्हटल्यावर पुढे काय करायचं?

गुरुशांत मात्र कानामागचा खडू काढून ओंडक्याकडे चालायला लागला होता. "कुटं मारलावता, आबासाब? या, दाखवा."

आबासाहेब चपला न घालताच गेले. वाकून, हाताने चाचपून त्यांनी काळा डाग दाखवला. गुरुशांतने त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर सोडून खडूच्या रेघा मारल्या.

"हितं आन् हितं कापतो. मधली चकती तुमची. घेऊन जावा."

"एवढंच?" शिवशरण म्हणाला.

"मग? कुटं कापायचं न्हाय येवढं कळलं की झालं. न्हाय म्हणायला चार दिस लावलं, मालक! पैल्याच दिशी म्हणला असता तर आतापतूर फोडून, वाळवून झालं असतं की!"

आबासाहेबांनी चकती कुणाला उचलू दिली नाही. स्वतःच ढकलत, गडगडवत घरापर्यंत नेली. दुपारी ते तिच्यावर बसून पेपर वाचत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मी स्पष्ट नकार दिला."

बाकीच्या ओंडक्यात गुरुशांतने पाचरी ठोकल्या आणि घण उचलला. चिंच काही सहजी फुटत नाही. घण पडायचा, पाचर बोटभर आत जायची, लाकूड नुसतं कुरकुरायचं. मग अचानक, कुणी बघत नसल्याची संधी साधावी तसं, ते मधून उघडलं. आत जांभळट काळं, ओलसर, आणि वास आंबूस. एक राहून गेलेला खिळा उघड्यावर चमकला. गुरुशांत घण खाली ठेवून म्हणाला, "ह्यो कुणाचा?"

कुणाचाच नव्हता. मागे कुणीतरी, आता नसलेल्याने, मारलेला असणार. काशम्माने होकारार्थी मान डोलावली आणि गुरुशांतने तो पक्कडीने सहज काढला.

मी तिथून निघालो. शिवशरण मागून ओरडला, "सर, उद्या हुग्गीला या!" मी वळून "येतो" म्हणालो, आणि चालत राहिलो. हं हं म्हणालो नाही, हे मला वाटेत लक्षात आलं.

घरी येऊन सात पानं बाजूला ठेवली. नवा कागद घेतला.

'प्रभाबाईंना सविनय नमस्कार. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण काही नाही. खोली आहे. तिच्यात पुस्तकं आहेत. ती मी या आठवड्यात खालच्या खोलीत आणतो. जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला आहे. तुम्ही आधी एकदा येऊन चढून बघा. पसंत पडला नाही तर तसं सांगा, मी काहीही मनात धरणार नाही. माझं बोलणं फार वेळ पुरत नाही, हेही आधीच सांगतो. पण तुम्ही यावं, असं मला वाटतं. कमलाकर.'

'असं मला वाटतं' हे काढावं की ठेवावं, यावर थोडा वेळ गेला. ठेवलं.

पाकिटाला तिकीट लावलं, पत्ता दोनदा तपासला आणि चौकातल्या टपालपेटीपाशी गेलो. पाकीट फटीत निम्मं सरकवलं आणि धरून उभा राहिलो. पुस्तकं खाली आणली तर मी झोपणार कुठे, हा प्रश्न तेव्हाच पडला. शिवाय 'काहीही मनात धरणार नाही' हे जरा कोरडं तर वाटत नाही ना? मागे एक बाई आली. तिच्या हातातही पाकीट होतं. ती आधी थांबली, मग खाकरली.

"काका, टाकताय का काढताय?"

"टाकतो," मी म्हणालो आणि सोडलं.

आत कागदावर कागद पडल्याचा आवाज झाला. बाईने आपलं पाकीट टाकलं आणि ती निघून गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर मी फटीत हात घालून पाहिला. बोटं जातात. मनगट जात नाही.